टेपचं दुमडलेलं टोक

"लागली का?"

"नाही."

"आता?"

"नाही म्हटलं ना. मला दिसत नाही असं वाटतं का तुम्हाला?"

कावेरी गाडीच्या मागे उभी होती, पदर खोचून, हातात लसणाची ताटली घेऊन. एक पाकळी सोलायची, एकदा मागच्या दिव्यांकडे बघायचं, असं तिचं चाललं होतं. नवनाथ ड्रायव्हरच्या सीटवर बसून ब्रेक दाबत होता, सोडत होता, पुन्हा दाबत होता. रविवारची दुपार उतरणीला लागली होती. सिल्वासातल्या आमलीत, त्यांच्या बिल्डिंगच्या मागे, दोरीवरच्या चादरी आणि एक वाळका शेवगा यांच्या मधल्या जागेत ती पांढरी गाडी उभी होती. घरातली पहिली गाडी. सेकंडहँडच, पण धुळ्याकडचे नातेवाईक तिचं नाव असं काढायचे, जसं एखाद्याच्या पोराला सरकारी नोकरी लागल्याचं सांगतात.

डाव्या बाजूचा दिवा त्याने आजच नवा बसवला होता. जुना दिवाळीत फुटला. धुळ्याहून पाहुणे आले होते, त्यांना वासोण्याच्या सफारीतले सिंह दाखवायला नेलं, आणि परतताना वळणावर शेळ्या आडव्या आल्या म्हणून नवनाथने करकचून ब्रेक मारला. मागून मोटारसायकलवर त्याचा मेहुणा संजू येत होता. संजूच्या मागे नवनाथची धाकटी बहीण जया बसलेली; गाडीत पाहुण्यांची दाटी म्हणून तिने आपणहून जागा सोडली होती. मोटारसायकल सरळ गाडीच्या पाठीत घुसली. दिव्याची काच रस्त्यावर सांडली. जया उजव्या हातावर पडली, मनगट मोडलं. प्लास्टर अजून होतं.

एवढंच घडलं असतं तर लोक विसरले असते. पण नवनाथ गाडीतून उतरला, आणि सगळ्यांच्या देखत त्याने मेहुण्याची कॉलर धरली.

"पिऊन आलास का रे?"

एरवी तो त्याला संजूराव म्हणायचा. अहो-जाहो करायचा. वयाने लहान असला तरी घरचा जावई. जावयाचं ताट आधी वाढायचं, जावयाला पाट द्यायचा, ही त्या घराची रीत. ती सगळी रीत त्या एका 'रे'त मातीला मिळाली.

संजू पूर्वी प्यायचा, हे सगळ्यांना ठाऊक होतं. सिल्वासात दारूला बंदी नाही. शेजारच्या गुजरातेतली माणसं हद्द ओलांडून खास तेवढ्यासाठी येतात. रस्त्याच्या दोन्ही अंगांना बारच्या पाट्या संध्याकाळी कशा झगमगतात. अशा गावात पिणं सोडायचं म्हणजे भर पाण्यात उभं राहून अंग कोरडं ठेवायचं. संजूने ते ठेवलं होतं. नवनाथच्याच देवघरासमोर त्याने खंडोबाचा बेलभंडार उचलला होता. तळहातावर बेलाचं पान, पानावर चिमूटभर हळद, आणि तोंडाने एकच शब्द: सोडली. तेव्हापासून जयाच्या गालांवर तजेला आला होता, आणि फोनवर बोलताना ती पुन्हा मधूनमधून हसू लागली होती.

त्या दिवशी वासोण्याच्या वळणावर तीच जया, मोडका हात पोटाशी धरून, नवऱ्याचं तोंड हुंगायला पुढे झाली. सगळ्यांसमोर. वास नव्हता. "वास न येणारी पण मिळते आजकाल," गाडीतून उतरलेले भिकाआबा, नात्यातले वडीलधारे, म्हणाले होते.

संजूने वाद घातला नाही. तो फक्त म्हणाला होता, "दादा, तुमच्या गाडीची लाइटच नाही लागली. एकदा ब्रेक दाबून दाखवा."

"आता गाडीवर ढकलतोस?" म्हणून नवनाथने किल्ली काढून खिशात घातली होती.

"दुकानदाराने खराब दिवा दिला असेल," आता कावेरी म्हणाली.

"उजवा तर जुनाच आहे. तो कुठं लागतोय?" नवनाथने मान बाहेर काढली. "आणि वरची? काचेतली पट्टी?"

"ती पण नाही."

नवनाथ गाडीतून उतरला.

खडोलीच्या एका प्लास्टिकच्या कंपनीत तो मेंटेनन्सला होता. यंत्रं का बंद पडतात, हे शोधण्यातच त्याचं आयुष्य चाललं होतं. एक दिवा मेला तर दोष दिव्यात. तिन्ही एकदम मेले तर दोष दिव्यांच्या मागे कुठेतरी. आणि धडक तर फक्त डावीकडे लागली होती.

त्याने उजवीकडचा बल्ब काढून उजेडात धरला. आतली तार शाबूत. फ्यूज काढून पाहिला, तोही शाबूत. आता राहिला तो ब्रेकच्या पेडलवरचा छोटा स्विच. पाय ब्रेकवर पडला की त्याची पिन बाहेर येते आणि मागे लाल उजेड होतो. पाय उचलला की पेडल पिनेला आत दाबतं आणि उजेड विझतो. एवढंच त्याचं काम.

तो खाली वाकला. मान वाकडी करून, गाल सीटच्या कडेला दाबून, मोबाइलचा टॉर्च दातांत धरून त्याने वर पाहिलं.

स्विच होता. स्विचला लागणारा प्लग मात्र बाजूला लोंबत होता. धडकेने निसटलेला नव्हे, कुणीतरी काढून ठेवलेला. त्याच्या तोंडावर काळी टेप गुंडाळली होती, व्यवस्थित, एकावर एक वेढे देत. आणि टेपचं शेवटचं टोक आतल्या बाजूला जरासं दुमडलेलं होतं.

नवनाथच्या दातांतला मोबाइल खाली पडला.

टेपचं टोक असं दुमडणारा माणूस खडोलीच्या त्या सबंध कंपनीत एकच होता. पुढच्या माणसाला टेप सोडवताना नखं लागू नयेत, म्हणून टोक दुमडायचं. कामावर आलेल्या प्रत्येक नव्या पोराला तो हे शिकवायचा. "आपण केलेलं काम दुसऱ्याच्या हाताला कळलं पाहिजे," असं वर सांगायचा.

आता त्याच्याच हाताला ते कळलं.

खंडेनवमीची संध्याकाळ. दुसऱ्या दिवशी दसरा, गाडीचा पहिला दसरा. धुऊन पुसून त्याने गाडी लख्ख केली होती आणि सगळी हत्यारं देवापुढे मांडली होती: पाने, पकडी, पेचकस, टेस्टर, सगळ्यांना हळदकुंकू, सगळ्यांवर झेंडूचं एकेक फूल. खंडेनवमीला पूजेत बसलेलं हत्यार दसऱ्याची पूजा होईपर्यंत उचलायचं नाही, हे त्याच्या बापाने विळ्या-कोयत्यांच्या बाबतीत पाळलं आणि त्याने पाना-पकडींच्या बाबतीत. दिवे लागायच्या सुमारास तो खाली आला तर गाडीला कुलूप असूनही मागे लाल उजेड जळत होता. पेडलवरचं छोटं रबरी बटण जुनं होऊन तुटलं होतं. त्याचे तुकडे पायपुसणीवर पडले होते, कावेरीने बिस्किटाचा चुरा समजून झाडून टाकले. बटण नाही म्हणून पिन दबत नव्हती, पिन दबत नव्हती म्हणून दिवा विझत नव्हता. रात्रभर असाच जळाला असता तर बॅटरी उतरली असती, आणि दसऱ्याच्या सकाळी हार घातलेली गाडी ढकलावी लागली असती. तीही शेजाऱ्यांसमोर.

हत्यार उचलायचं नव्हतं. त्याने नुसत्या हाताने प्लग उपटला, खिशातली टेप गुंडाळली. उद्या पूजा झाली की बघू, म्हणाला.

कंपनीत एखादी तार काढली की तिथे लाल टॅग लटकवायचा, हा नियम. आपण काढलं आहे, आपल्याला लावायचं आहे, आणि तोवर दुसऱ्याने भरवसा ठेवू नये. टॅग न लावल्याबद्दल त्याने पोरांना चारचौघांत झाडलं होतं. पण घरच्या गाडीला टॅग कोण लावतो? दसरा झाला, आपट्याची पानं वाटून झाली, हत्यारं पेटीत गेली, आणि ते 'उद्या' कुठे गेलं ते त्याला पुन्हा आठवलं नाही. आज, या घडीपर्यंत, खरोखर आठवलं नव्हतं.

"सापडलं का हो?" मागून कावेरीने विचारलं.

"सापडलं."

"काय झालं होतं?"

सीटखाली तोंड घालून तो म्हणाला, "वायर निघाली होती."

"धडकेत?"

"हं," नवनाथ म्हणाला.

किती सोपं होतं. वाकलेल्या माणसाचं तोंड कुणाला दिसत नाही.

टेप सोडवली. ती कडक झाली होती, प्लगचा आकार धरून बसली होती. त्याने ती फेकली नाही, खिशात टाकली. पेटीतून नायलॉनचा एक तुकडा काढला, कानशीने घासून गोल केला आणि पेडलच्या भोकात बटणाच्या जागी ठोकून बसवला. प्लग लावला. पाय दाबला.

"लागली!" कावेरी ओरडली. "गेली! लागली! अहो, तिन्ही लागल्या!"

तिच्या आनंदाच्या प्रत्येक हाळीला तो आत आत चोरासारखा आकसत गेला.

जिन्याच्या पायरीवर त्याची आई बायडाबाई तांदूळ निवडत बसली होती. लेकाची गाडी दुरुस्त झाली म्हणून तिला सूर लागला. हात तांदळात, डोळे लांब कुठेतरी, आणि ओठांवर तिच्या माहेरची ओवी:

बंधूची माझ्या गाडी, जाते धुरळा उडवीत
मागं बहीण चालते, त्याची चाकोरी धरीत

नवनाथने पेटीचं झाकण लावलं. दोनदा लावलं, तरी ते नीट बसेना.

"माय, जरा थांब ना."

"काय झालं रे? गळा बसला का माझा?"

"नाही. तसंच."

कावेरीचा फोन वाजला. जयाचा होता. तिने तो मोठ्या आवाजावर टाकून नवनाथपुढे धरला.

"दादा, येताय ना दिवेलागणीला?" जयाचा आवाज दबका होता, घरात संजू असणार. "मी पाट मांडलाय. बेल आणलाय. भिकाआबांना पण बोलावलंय. हे ऐकतच नाहीत रे. म्हणतात, परत बेलभंडार उचलणार नाही. उचलत नाहीत म्हणजे काय समजायचं मी? तू मोठा आहेस. तुझ्यासमोर पहिला उचलला, तुझ्यासमोर दुसरा उचलू दे. मग मी मोटारसायकलची किल्ली परत देते."

"किल्ली तू ठेवलीस?"

"नाही तर काय! चालत जातात कंपनीच्या बसपर्यंत. माझा हात असा, आणि वर ह्यांचं काही झालं तर?"

"येतो," नवनाथ म्हणाला.

खडोलीच्या रस्त्याला त्याने गाडी अगदी हळू चालवली. मागे आई आणि शेजारी कावेरी. कंपन्यांच्या भिंती गेल्या, टेम्पोंच्या रांगा गेल्या, चहाच्या टपऱ्या गेल्या. प्रत्येक ब्रेकला मागे लाल उजेड होत असणार, आणि त्या उजेडाबरोबर आपली एकेक गोष्ट रस्त्यावर उघडी पडत असणार, असं त्याला वाटत राहिलं. कावेरीला इथेच सांगावं, असं दोनदा मनात आलं. दोन्ही वेळा तोंडाशी आलेला शब्द गिअर बदलताना मागे गेला. आणि गप्प राहिलं तर? दिवा लागतोय. टेप खिशात आहे. संजूने एक पान उचललं की संपलं. जया निश्चिंत, आबा निश्चिंत. फक्त एका माणसाला न मोडलेली शपथ मोडली असं कबूल करावं लागणार होतं.

जयाच्या चाळीतल्या खोलीत दिवा लावलेला होता. पाटावर बेलाचं पान, वाटीत हळद. भिकाआबा खाटेवर मांडी घालून बसले होते, पंचायत भरल्यासारखे. जया भिंतीशी, प्लास्टरचा हात मांडीवर. नवनाथने त्या हाताकडे बघायचं टाळलं. संजू कोपऱ्यात परातीपुढे बसून पीठ मळत होता. बायकोचा हात मोडल्यापासून भाकरी तोच करायचा.

"या दादा," त्याने मान वर न करता म्हटलं. "वहिनी, माय, बसा."

"संजू, हात धू आणि ये इथं," आबा म्हणाले. "सगळे आले."

"आबा, मी सांगितलंय."

"अरे पण उचलायला काय जातं? प्यायला नसशील तर घाबरतोस कशाला?"

संजूने पिठाचा गोळा थापटला. "एकदा दिलेला शब्द परत दिला, तर पहिला खोटा ठरतो. मी पहिला मोडला नाही. मोडला असता तर हजारदा उचलला असता."

"ऐकलंस दादा?" जया रडवेली झाली. "तू सांग ना त्यांना!"

सगळे नवनाथकडे बघू लागले.

"संजूरावांना काही उचलायचं नाही," तो म्हणाला. "त्या दिवशी ते खरं बोलले होते. माझ्या गाडीचे दिवे लागत नव्हते. प्लग मीच काढून ठेवला होता, खंडेनवमीला. परत लावायचा विसरलो."

मग बायडाबाईने पदर डोळ्याला लावला.

"लेकरू माझं! बहिणीच्या संसारासाठी अंगावर घेऊन राहिलं!"

"याला म्हणतात भाऊ," आबांनी मान डोलावली. "जया, बघ. दुसरा असता तर जावयाला पिंजऱ्यात उभा केला असता. हा स्वतःवर घेतो."

"तसं नाही आबा..."

"कळलं रे, कळलं! मोठ्या मनाचा आहेस तू."

जयाही त्याच्याकडे भरल्या डोळ्यांनी बघत होती, लहानपणी बघायची तशी, त्याने तिच्यासाठी बोरं आणल्यावर. ऊबदार होतं ते सगळं. थंडीत कुणी आयती शाल अंगावर घालावी तसं. नुसतं गप्प बसायचं होतं. संजू सुटला असता, आणि तो स्वतः आणखी मोठा झाला असता. कोपऱ्यात पिठाचे हात थांबले होते. संजू आता त्याच्याकडे बघत होता, आणि त्या नजरेत काही आशा नव्हती. नुसतं बघणं होतं.

"धडकेत निघाली म्हणालात ना मघाशी?" कावेरीने हळूच विचारलं.

"खोटं बोललो तुझ्याशी."

"म्हणजे बायकोशी बोललास ते खोटं," आबा हसले, "आणि बहिणीशी बोलतोस ते खरं? आम्ही काय काल जन्मलो का रे?"

नवनाथ खाली बसला. पाटासमोर, जिथे संजूला बसवायचं होतं तिथे. त्याने बेलाचं पान तळहातावर घेतलं, त्यावर हळद ठेवली. थोडी हळद पाटावर सांडली.

"खंडोबाची आण घेऊन सांगतो. प्लग मी काढला. या माणसाने सांगितलं होतं, दाबून दाखवा. मी दाबून दाखवलं नाही. किल्ली खिशात घातली." मग त्याने दुसऱ्या हाताने खिशातून ती कडक झालेली टेप काढली आणि पाटावर, दिव्याशेजारी ठेवली. "ही त्यावर गुंडाळली होती."

आबांचं हसू उतरलं. बायडाबाईचा पदर डोळ्यावरून खाली आला.

जयाने टेप उचलली. डाव्या हाताने, अवघडत. दुमडलेल्या टोकावरून तिने बोट फिरवलं आणि मान वर केली. तिच्या डोक्यावर छताच्या पंख्याची तार होती. ती तार दादानेच जोडून दिली होती, त्यांनी ही खोली घेतली तेव्हा. तिथेही काळी टेप होती, आणि तिचंही टोक तसंच दुमडलेलं.

तिने टेप परत पाटावर ठेवली.

"मी यांचं तोंड हुंगलं, दादा," ती म्हणाली. "रस्त्यावर. सगळ्यांसमोर."

नवनाथने बेलाचं पान परत पाटावर ठेवलं. हळद तळहाताच्या रेषांत उतरली होती.

संजू उठला. त्याने तांब्यातल्या पाण्याने हात धुतले, एकेका बोटाचं पीठ काढलं, पंच्याला पुसले. तो दाराशी गेला, चपला पायात सरकवल्या.

"संजूराव..." नवनाथने हाक मारली.

"कॉलर धरली ती विसरेन मी, दादा," संजू पाठमोराच म्हणाला. "आज ना उद्या. पण एकदा दाबून बघायला काय गेलं असतं? तेवढंच मागितलं होतं मी." जरा थांबून तो म्हणाला, "चला. आता दाबा."

बाहेर तिन्हीसांजेचा करडा उजेड होता. चाळीच्या बोळाच्या तोंडाशी गाडी उभी होती. नवनाथ गाडीत बसला, किल्ली फिरवली आणि ब्रेकवर पाय ठेवला. आरशात संजू दिसत होता. तो गाडीच्या मागे, मोटारसायकल असते तितक्या अंतरावर उभा राहिला. हळूहळू बाकीचेही दारात आले. जया सर्वांत मागून आली आणि नवऱ्याच्या शेजारी जाऊन उभी राहिली. तिच्या डाव्या मुठीत मोटारसायकलची किल्ली होती.

नवनाथने ब्रेक दाबला.

आरशातला संजूचा चेहरा लाल झाला. शेजारी जयाचं पांढरं प्लास्टरही लाल झालं. आता मात्र नवनाथने त्या हाताकडे बघितलं.

दुपारपासून तोंडात बसलेला 'लागली का?' हा प्रश्न त्याच्या ओठांवर आला, आणि तो विचारायचा हक्क आपल्याला राहिलेला नाही, हे त्याला कळलं. संजू बघत होता, तिन्ही दिव्यांकडे, एकाकडून दुसऱ्याकडे. बोळातलं एक कुत्रं मध्ये येऊन उभं राहिलं आणि निघून गेलं. नवनाथची पोटरी भरून आली. त्याने पाय उचलला नाही.

"लागते," अखेर संजू म्हणाला. गाडीकडे बघत, पण जयाला.

'सोडा' असं काही तो म्हणाला नाही. नवनाथ दाबूनच बसला.